फ्रँकफर्ट स्टेशनात माझी विळी

श्टुटगार्टहून सकाळी निघालो तेव्हा माझ्या पिशवीत तांदळाची पिठी, गूळ, दोन नारळ आणि घडीची विळी होती. फ्रँकफर्टला माझ्या लेकीच्या, मुग्धाच्या, मैत्रिणीकडे गणपती होता आणि मोदकांचा मक्ता माझ्याकडे होता.

"आई, तिच्याकडे सुरी आहे," मुग्धा म्हणाली. सुरीने नारळ खवतात का कधी? पुण्याहून विळी आणली ती काय शोभेला?

जर्मन वक्तशीरपणाचं एवढं कौतुक ऐकलं होतं, पण गाडी पाऊण तास उशिरा पोचली. तोवर मी एक ब्रेझेल (पीळ दिलेला खारट पाव) खाल्ला. वरचं मीठ झटकलं की बरा लागतो.

स्टेशनाबाहेर पडतानाच एक पाटी दिसली. पिस्तूल, सुरा, दांडका, सगळ्यांवर काट. "वाफेनफेरबोट्सझोन (शस्त्रबंदीचा भाग)," मुग्धाने वाचलं आणि तिचा चेहराच उतरला. इथे हत्यार हाताशी ठेवून फिरता येत नाही, आणि कुठे काय चालतं तेही राज्याराज्यांत वेगळं. सापडलं तर वस्तू जप्त, वर दंड. त्यात मुग्धाचा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज अजून कचेरीत पडून होता. पोलिसांत नाव जाणं तिला परवडणारं नव्हतं.

तिने माझ्या हातातली पिशवी घेऊन स्वतःच्या खांद्याला लावली. मला वाटलं, गेली माझी विळी कचऱ्यात. तेवढ्यात एक पोलीसबाई समोर आल्या. त्यांनी काहीतरी विचारलं, मुग्धाने काहीतरी सांगितलं. मला त्यातलं फक्त 'या' (हो) कळलं.

"आई, तूच उघड. तुझ्या गाठी मला सुटायच्या नाहीत."

आधी पिशवीची चेन. मग आतल्या कापडी पिशवीची गाठ, मग सुतळी, मग जुन्या पातळाचं फडकं, मग वर्तमानपत्र. घरी सगळे माझ्या या बांधाबांधीला हसतात. पोलीसबाई मात्र गंभीरपणे बोटांवर मोजत होत्या. पातं दिसलं तेव्हा त्यांचा अख्खा पंजा उघडा होता.

हत्याराला हात घालायला तीनपेक्षा जास्त हालचाली लागत असतील तर ते नेता येतं, मुग्धाने मला समजावलं. "गेनाऊ (अगदी बरोबर)," बाई म्हणाल्या आणि हे असतं कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी तिथेच बसून नारळ खवून दाखवणार होते, पण मुग्धाने दंड धरून ओढलं.

ट्राममध्ये मी विचारलं, "आधी काय म्हणाल्या गं त्या?"

"पिशवी कोणाची विचारलं. मी म्हटलं, माझी."

"अगं, आणि तुझा अर्ज?"

"आल्झो (हे बघ), तुला चौकीत नेलं असतं तर तू तिथे काय काय बोलली असतीस, त्याची मला जास्त भीती होती."

मी हसले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते.

पुण्यात परतल्यापासून जो तो विचारतो, काय काय पाहिलंस. मी नदी सांगते, किल्ले सांगते. मुग्धा परदेशी गेल्यापासून मी तिला आपमतलबी म्हणत आले, तोंडावरही आणि पाठीमागेही. ते चुकलं, एवढं सांगायला परवा तिला फोन केला. ती मीटिंगमध्ये होती, पण मी सांगून टाकलं. "आई, नंतर बोलू," म्हणाली, आणि तरी बराच वेळ तिने फोन ठेवला नाही.