आधी पत्रक, मग गोष्ट

माझ्याकडे एक वही आहे. एका महिन्यात मी काय काय वाचलं, ते तिच्यात लिहिलेलं आहे. शिरूरला आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी अभ्यासवर्ग भरायचा. वर्ग घेणाऱ्या गुरुजींनी आम्हा दहा-बारा पोरांना काम दिलं होतं: महिनाभर रोज जे वाचाल ते लिहून आणा. चार रकाने. तारीख, वाचलं काय, पानं किती, त्यातून घेतलं काय. माझी वही सगळ्यांसमोर वाचून दाखवली गेली. गुरुजी म्हणाले, "वाचन असं पाहिजे."

त्या वहीत माझी बहीण कुठेही नाही.

मी पत्रकांवर वाढलो. वडील गवंडीकामाला जायचे आणि सभेतून, मोर्चातून, जयंतीच्या मिरवणुकीतून मिळेल ते छापील घरी आणायचे. मला अक्षरओळख मथळ्यांवरून झाली, कारण ती अक्षरं मोठी असायची. 'जाहीर'. 'निषेध'. 'एकजूट'. मान वर करून बोलायला मला पत्रकांनी शिकवलं आणि त्याबद्दल मी आजही कुणाची माफी मागणार नाही. माफी मागायची आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि जिची मागायची ती आता नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दौंडला दिली होती. दाजी रेल्वेत, राहायला क्वार्टर. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती, हे लग्नानंतर कळलं. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि तोवर महिनाभर पूर्ण आराम सांगितला. सासरी आराम कुठला, म्हणून आई तिला शिरूरला घेऊन आली. येताना ताईनं कपड्यांच्या पिशवीतून एका साप्ताहिकाचे चौदा जुने अंक आणले, सुतळीनं बांधलेले. शेजारच्या क्वार्टरमधल्या काकूंनी दिले होते. त्यात एका सुनेची गोष्ट होती, चौदा भागांची. ताईला दोन ओळी वाचल्या की गरगरायचं. म्हणून ती मला म्हणाली, "तू वाचून दाखव."

मी तेव्हा रांजणगावला कंपनीत फर्स्ट शिफ्टला होतो. दुपारी चारच्या सुमारास कंपनीची बस नाक्यावर सोडायची. घरी येऊन मी अंक चाळला. पहिल्याच पानावर सून रडत होती आणि शेवटच्या पानावर राशिभविष्य होतं.

"असलं मी वाचणार नाही," मी म्हणालो. "बायकांना गप्प बसवायला छापतात हे."

"बरं पुढारी," ताई म्हणाली. "मग मी गप्प बसते. तू वाच."

शेवटी तोड निघाली. आधी पत्रक, मग गोष्ट. तसाही मला वहीचा रकाना भरायचा होताच. मी तिच्या उशाशी बसून पत्रक नाहीतर पुस्तिका मोठ्यानं वाचायचो आणि ती पानं वहीत जायची.

"इतकं वरडून का वाचतो रं? मी आजारी हाय, बहिरी न्हाई."

"हे असंच वाचायचं असतं."

"व्हय का? आन् तुझ्या पत्रकात कुणी जेवत कसं न्हाई? सकाळपास्नं नुसते लढत्यात."

स्टोव्हपाशी आई हसली. मला राग आला.

गोष्टीच्या वेळी मात्र ताईचे प्रश्न संपायचे नाहीत. सून माहेरी आली, की ताई विचारणार, "मग आईनं जेवायला काय केलं?"

"लिहिलेलं नाही."

"साडी कुठली नेसली व्हती?"

"लिहिलेलं नाही, ताई."

"मग तू सांग की अंदाजानं."

अंदाजानं मी कधीच काही सांगितलं नाही. जे छापलेलं नाही ते बोलायचं नाही, असा माझा बाणा होता. पत्रकाला माझा सगळा आवाज लागायचा आणि गोष्टीला उरलासुरला. खूपदा पत्रक संपता संपताच तिला धाप लागायची, ओठ निळसर व्हायचे. मग ती म्हणायची, "गोष्ट उद्या." मला सुटल्यासारखं वाटायचं. खरं आहे म्हणून लिहितो.

महिन्याचे तीन दिवस राहिले तेव्हा अकरा अंक झाले होते आणि तीन उरले होते. रोज एक वाचला असता तर गोष्ट पुरी झाली असती. पण त्याच आठवड्यात गुरुजींनी मला पत्रक लिहायला सांगितलं, माझं पहिलं. वस्तीतल्या नळाला पाणी येत नव्हतं, त्यावर. तिन्ही दुपारी मी ताईला माझाच मसुदा वाचून दाखवला. एक शब्द बदलला की पुन्हा पहिल्यापासून. ती भिंतीला टेकून ऐकायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नळावरच्या बाया काय बोलत्यात ते बी लिही की." मी म्हणालो, पत्रकात तसलं येत नाही. गोष्टीचं नाव तिनं तिन्ही दिवस काढलं नाही. वहीत त्या तीन तारखांपुढे 'स्वतःचा मसुदा' असं आहे, आणि 'काय घेतलं' या रकान्यात 'आत्मविश्वास'.

दाजी न्यायला आले. रिक्षात बसण्याआधी तिनं उरलेले तीन अंक माझ्या हातात दिले.

"तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. ऑपरेशन झालं की येते, मग वाच. आन् तवा पत्रक न्हाई हां. नुसती गोष्ट."

पुण्याला न्यायच्या आदल्या दिवशी सकाळी, क्वार्टरमध्ये चहा गाळताना ताई पडली. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

ताईच्या जलदानविधीला आम्ही दौंडला गेलो. विधी आटोपल्यावर मी ते तीन अंक परत करायला शेजारच्या काकूंकडे गेलो. त्या गवार मोडत बसल्या होत्या.

"वाचलं का तुमी?"

"नाही."

"तिला मी म्हणलं व्हतं, शेवट मी सांगते, मला सगळं ठावं हाय. तर कानात बोटं घातली तिनं. म्हणली, सांगू नका काकू, माझा भाऊ वाचणार हाय. लई भारी वाचतो."

मी उंबऱ्यापाशी खाली बसलो. म्हणालो, "मला सांगा."

काकूंनी सांगितलं. नवरा परगावाहून परत येतो. सासू सुनेचा हात धरते. दिवाळी असते आणि सगळे एका पंगतीला जेवायला बसतात. संपलं. ज्या शेवटावर मी पानभर टीका लिहिली असती, नेमका तोच. काकू शेंगांच्या शिरा काढत सांगत होत्या, पलीकडे रुळांवर मालगाडीचे डबे जोडले जात होते, आणि गोष्ट इतक्यात संपली हे मला सहन होईना.

"जेवायला काय होतं?" मी विचारलं.

काकूंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तसलं काय लिहिलेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग पुढची शेंग घेतली. "पर दिवाळी म्हंजी करंज्या आसतील की. आन् सुनंच्या हातची वांग्याची भाजी."