अनंताचा अंगठा

बेलपाड्याच्या पिण्याच्या तळ्यात पाय सोडून बसायची अनंताची खोड काही जात नव्हती. चांगला दाढीमिशांचा बाप्या, पण बायका सांगून थकल्या.

त्रेपन्न सालच्या चैत्रात एका सकाळी तो बोंबलतच काठावर आला. अंगठ्याला थाळीएवढं कासव लटकलेलं. ओढावं तसं ते जास्तच आवळायचं.

"काकी, सोडव गो!"

हंडा भरत असलेल्या भामाकाकीचा जन्म याच तळ्याकाठी गेला होता. तिने गंभीर चेहऱ्याने आभाळ न्याहाळलं. "ढग गडगडल्याबिगर कासव सोडत नाय. म्हंजे दोन म्हैने हायेत अजून."

अनंता रडकुंडीला आला.

"पुना तळ्यात पाय घालणार नाय, अशी गावदेवीची शपथ घे. मंग बघते."

त्याने घेतली. लगेच काकीने त्याचा पाय धरून पाण्यात बुडवला.

"अगो, आताच शपथ घेतली ना!"

"ती उद्यापासून!"

पाणी लागताच कासवाने अंगठा सोडला, मागचे पाय पोटाखालच्या झडपांत ओढून घेतले नि ते दगडासारखं तळाला गेलं. पाण्यात कासव सोडतंच, हे काकीला ठाऊक होतं. अनंताला तिने ते कधीच सांगितलं नाही.