तेजलचा चेहरा

म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडला लागून एक पत्र्याची शेड आहे. पाऊस सरला की तिथे नाताळचं काम सुरू होतं. कारखान्यांत यंत्रं ज्या पेट्यांतून येतात, त्यांचं पांढरट लाकूड आणून त्याच्या चांदण्या, घंटा, झाडं आणि पंखवाले देवदूत कापतात, रंगवतात, दोरा ओवून मुंबई-पुण्याच्या दुकानांत पाठवतात. सोमा तिथे करवतीच्या मशीनवर होता आणि त्याची बायको साळू रंगाच्या टेबलावर.

दोघं पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. पूर्वी भात घरात आला की द्राक्षाच्या बागांवर कामाला खाली उतरायची. अशाच एका हंगामात त्यांनी तेजलला, आपल्या एकुलत्या एका पोरीला, सोमाच्या आईजवळ ठेवलं होतं. पोरीला ताप चढला, डोळे फिरवू लागली. पाड्यावर फोन लागत नव्हता. विठाबाईनं नातीला गोधडीत गुंडाळून खाटेवर ठेवलं आणि गाडी बघायला ती घाट उतरून रस्त्याकडे पळाली. जीप घेऊन आली तेव्हा पोर गेलेली होती. साळू आणि सोमा पोचले ते मातीलाच. त्यानंतर साळूला बागेत पाऊल टाकवेना. म्हणून दोघं नाशकात आली, पेठ रोडला खोली घेतली आणि या शेडमध्ये लागली.

शेड स्नेहल मॅडमची. देवदूत कसा रंगवायचा याचा नमुना तिने भिंतीवर लावला होता: गुलाबी गाल, पिवळे केस, निळे डोळे. साळूचा हात चांगला होता, तिचे देवदूत नमुन्यासारखेच उतरत. पण एका दुपारी तिने काही विचार न करता एका देवदूताला सावळं तोंड दिलं. तांबड्या फितीच्या दोन वेण्या काढल्या. हसताना दिसणारी, पुढच्या पडलेल्या दाताची फट काढली. शेजारच्या खुर्चीवरच्या मालनबाईनं विचारलं, "ही कोण गं?"

"आमची तेजल," साळू म्हणाली. पोरीचा फोटो नव्हता. एक होता तो सोमाच्या जुन्या मोबाइलबरोबर गेला होता. लाकडावर ती आली, तेव्हा साळू बराच वेळ ब्रश धुवायचं विसरली.

मॅडमच्या नजरेस तो देवदूत पडला. साळूला वाटलं, आता बोलणी बसणार. पण मॅडमला तो आवडला. कुणाचा चेहरा आहे ते तिने विचारून घेतलं, सगळं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात खुर्ची टाकून मोबाइल समोर उभा केला.

"साळूबाई, काल मला सांगितलंत ना, तेच इथे सांगा. घाबरायचं नाही."

साळूनं सांगितलं. मॅडम म्हणाली, "छान. पण फार भरभर झालं. परत एकदा, सावकाश." साळूनं परत सांगितलं. मग गाडीचा आवाज आला म्हणून परत. मग उजेड बरोबर नाही म्हणून खुर्ची हलवून परत. चौथ्या वेळेला साळूच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने पदर उचलला.

"पुसू नका," मॅडम हलकेच म्हणाली. "असंच राहू दे. तेव्हा घरी कोण होतं, ते पुन्हा सांगा."

"सासू घरी नव्हती," साळू म्हणाली. "ती गाडी आणाया खाली पळाली हुती. म्हातारी अनवाणी पळाली."

मॅडमने त्याचं रील करून टाकलं आणि आठवड्याभरात ते कुठच्या कुठे गेलं. शेडमध्ये त्याच चेहऱ्याच्या देवदूतांशिवाय दुसरं काम उरलं नाही. सोमा पंख कापत होता, साळू तोंडं रंगवत होती. सकाळी तेजल, जेवणानंतर तेजल, घरी जाताना हातावर तेजलचाच रंग. मॅडम मधूनमधून सुचवायची. रंग थोडा उजळ घ्या, गडद फोटोत दिसत नाही. डोळे मोठे करा. दाताची फट नको, लोकांना ती डाग वाटते. साळू तसं करत गेली. एकदा सोमाने वाळायला ठेवलेला एक देवदूत हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "ही आपली नाय." साळूनं मनात खरी तेजल आठवून बघितली, तर मोठ्या डोळ्यांची, दात न पडलेली, उजळ पोर समोर आली.

पाड्यावर आता फोन लागत होता. तिथल्या पोरांनी रील बघितलं, मग मोठ्यांनी. सोमाच्या चुलतभावाचा फोन आला. तो सोमाला एवढंच म्हणाला, "तुझ्या आईला लोक पाणवठ्यावर टोकत्यात. पोरगी मरत हुती आन् म्हातारी घरी नव्हती, म्हणं. तुझीच बायको सांगती."

साळूनं ते रील आजवर पाहिलं नव्हतं. मालनबाईनं आपल्या मोबाइलवर लावून दिलं. साळूचं रडकं तोंड, मागे बासरी, आणि तिचे शब्द: सासू घरी नव्हती. तिथेच तुटत होतं. पुढे लगेच लाकडी देवदूत फिरत होता.

ती मॅडमकडे गेली. "माझं बोलणं मधीच कापलं. म्हातारी गाडी आणाया गेली हुती, ते नाय त्याच्यात."

"रील लहानच असतं हो, सगळं कसं बसणार?" मॅडम म्हणाली.

"मग काढून टाका."

"आता? नाताळ तोंडावर आहे, साळूबाई. आणि तुमच्या सासूबाईंना इथे कोण ओळखतं?"

नाताळ झाला तसं साळू आणि सोमा पाड्यावर गेले. विठाबाई ओट्यावर नागली पाखडत होती. लेकाकडे बघितलं, सुनेकडे नाही. साळूनं पाय धरले. म्हातारीनं पाय आत ओढून घेतले.

"आई, मी सगळं सांगितलं हुतं. त्यांनी अर्धं कापलं."

"माझ्या पायाची सालं निघाली हुती त्या दिवशी," विठाबाई सुपातच बघत म्हणाली. "कुनाला दाखवाया नाय गेले मी. तू पोरीला दाखवाया गेलीस."

"मला नाय कळलं."

"पोरगी माझ्या हातून गेली, ते माझं मला ठावं हाय. जगाला सांगाया तू लागतीस कशाला? जा. तुझं पाणी या घरात नको."

साळूनं सोमाकडे बघितलं. तो खांबाला टेकून उभा होता. तिला वाटलं, हा काहीतरी बोलेल. म्हातारी गाडीसाठी पळाली हे साळूनं सांगितलं होतं, ते त्याला माहीत होतं, अन् मॅडमनं ते कापलं तेही. तो म्हणाला, "तू जा पुढं. मी हितंच ऱ्हातो." नंतर तो कधी नाशकाला आला नाही.

ती एसटीने एकटी परतली. नाताळ सरल्यावर मॅडमने ते रील स्वतःच काढून टाकलं होतं, कारण आता ते कुणी बघत नव्हतं.

उन्हाळाभर साळूनं एका मंगल कार्यालयात भांडी घासली. पाऊस सरल्यावर शेडमधून निरोप आला. जावं की नाही, असं तिचं दोन दिवस चाललं. पण कार्यालयाचं काम सुटलं होतं आणि खोलीचं भाडं भरायचं होतं. तिने मॅडमला आधीच सांगून ठेवलं, "चांदण्या करीन, झाडं करीन. देवदूताचं तोंड नाय काढणार."

"काढायचंच नाहीये," मॅडम म्हणाली. तिने एक जाड पाकीट टेबलावर ठेवलं. आतून चकचकीत कागद निघाले, आणि प्रत्येक कागदावर ओळीने तेच तोंड छापलेलं: उजळ, मोठ्या डोळ्यांचं, दोन वेण्यांचं. "छापून आणले. हाताने वेळ फार जातो, आणि प्रत्येक वेगळं होतं. तुम्ही फक्त चिकटवा."

मालनबाईनं मान खाली घातली आणि आपली घंटा रंगवत राहिली. करवतीवर आता दुसराच माणूस होता, त्याने कापलेले देवदूत टोपलीत पडले होते, कोरे, बिनतोंडाचे. साळू खुर्चीवर बसली. पहिलं तोंड नखाने कागदावरून सोडवलं. ते बोटाला चिकटलं, ओढताना वाकडं झालं, म्हणून टाकून तिने दुसरं घेतलं. खाली हवा राहू नये म्हणून ते अंगठ्याने मधून बाहेर दाबत न्यावं लागतं, कपाळ, मग गाल, मग हनुवटी. दुपारपर्यंत तिला ते नीट जमू लागलं.