क्लॅरिनेटवरचं खरवडलेलं नाव

माझे धाकटे दीर एका जागी बसलेले मी फार क्वचित पाहिलेत. जेवतानासुद्धा दोनदा उठतात. एकदा मीठ आणायला, एकदा खिडकी लावायला, आणि मीठ तर ताटात आधीच वाढलेलं असतं. सासूबाई त्यांना भिंगरी म्हणतात. चष्म्याच्या दुकानात त्यांनी जन्मभर काचा घासल्या, म्हणून आमच्या ह्यांनी त्यावर 'भिंगवाली भिंगरी' केलं. लग्न झालं नाही. दोनदा ठरत आलं होतं, पण सासूबाईंच्या भाषेत सांगायचं तर, "समोरची माणसं बोलायला लागेपर्यंत हा दाराबाहेर."

संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ते एका लग्नाच्या बँडमध्ये वाजवायला जातात. क्लॅरिनेट त्यांच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. सासरे कारखान्यात फिटर होते आणि कारखान्याच्याच बँडमध्ये वाजवायचे. एका वर्षी त्यांनी बँड एकाएकी सोडला. त्याच सुमारास बँडचं एक क्लॅरिनेट कपाटातून नाहीसं झालं. थोड्या महिन्यांनी सासऱ्यांच्या हातात हे क्लॅरिनेट दिसायला लागलं. लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको. सासरे म्हणायचे, "जहाजावरच्या एका माणसाकडून घेतलंय. नवं आहे, परदेशी आहे, खालच्या टोकाच्या भोंग्यावर कंपनीचं नाव आहे. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं." नाव होतं, आम्ही सगळ्यांनी वाचलेलं होतं. पण भाऊजी शाळेत असताना पोरांनी त्यांच्या पाठीवर खडूनं काय लिहिलं होतं तेही सासूबाईंनी वाचलं होतं.

कारखाना बंद झाला. बँड राहिला, त्याचा हॉलही राहिला. गेल्या महिन्यात हॉलच्या भिंतीवर जुन्या वादकांचे फोटो लावायचं ठरलं. सासूबाईंनी सासऱ्यांचा फोटो नवीन चौकट करून भाऊजींच्या हातात दिला. भाऊजी गेले तसे फोटो घेऊनच परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"सेक्रेटरी म्हणतो, फोटो लावू, का नाही लावणार. पण कमिटीत दोन म्हातारे आहेत, ते अजून तेच धरून बसलेत. क्लॅरिनेट कुणी बनवलं, किती जुनं आहे, एवढं एकदा नक्की करून आणा म्हणे. हरवलं त्यानंतरचं निघालं की विषय मिटला."

"मग अवघड काय आहे त्यात? भोंग्यावर नाव आहे की."

"तेच तर," असं म्हणून ते उठले, आणि उठले ते उठलेच.

त्या आठवड्यात घरात धड कुणाला झोप नव्हती. भाऊजी दुकानातलं भिंग घरी घेऊन आले होते. क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून चादरीवर मांडायचे, भिंग लावायचे, परत जोडायचे. मी काम करताना देवाचं नाव घेते, पण त्या दिवसांत नाव निम्म्यातच सुटायचं, कारण मागून आवाज यायचा, "वहिनी, जरा इकडे या. हा भोंगा आणि हे वरचं अंग, काळा रंग सारखाच दिसतोय का तुम्हाला?"

मी उजेडात नेऊन पाहिलं. भोंगा काळाभोर होता, अंग किंचित तपकिरीकडे झुकलेलं.

"नाही हो भाऊजी. एका घरातले वाटत नाहीत."

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे आम्ही दोघं गेलो. त्याच्या दुकानात एक खुर्ची, तिच्यावर सॅक्सोफोन बसलेला, म्हणून आम्ही उभेच. त्यानं क्लॅरिनेट फिरवून फिरवून पाहिलं. "भोंगा नंतर बसवलाय. चांगला आहे, पण पाहुणा आहे. अंग पुष्कळ जुनं. बोटांनी दाबायच्या ह्या चाव्या बघा, लाकडातच उंचवटे ठेवून त्यांत बसवल्यात. पुढे पुढे असं करायचं सोडून दिलं. कंपनीचा शिक्का इथे, वरच्या तुकड्यावर असायला हवा. पण हाताळून हाताळून झिजलाय."

भाऊजींनी खिशातून भिंग काढलं. वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"झिजला नाही," ते म्हणाले. "घासलाय. बोटानं झिजलं की चहूकडून झिजतं. ह्या सगळ्या रेघा एका दिशेला आहेत. पॉलिश पेपर आहे हा. मी जन्मभर तेच केलंय."

शिक्क्याचं काय उरलं होतं? लंबगोल चौकटीचा खालचा काठ आणि त्याच्या वर दोन बारीक उभ्या रेघा. कशाच्या ते कळत नव्हतं.

दुरुस्तीवाला माणूस भला होता. म्हणाला, "अहो, त्या काळी बँडचा सूर आजच्यापेक्षा चढा असायचा. पुढे सगळीकडे उतरवला आणि जुनी वाद्यं कुणी फुकट घेईना. सांगा की टाकून दिलेलं उचललं म्हणून. कोण बघायला येतंय?"

"टाकलेलं असतं तर नाव कशाला घासलं असतं?" भाऊजी म्हणाले, आणि माझ्याआधी पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये जायचं ठरलं. मला म्हणाले, "तुम्ही चला. दादाला नको, तो भांडेल." मी गेले. फोटोची पिशवी माझ्या हातात, क्लॅरिनेटची पेटी त्यांच्या. सेक्रेटरी चांगले गृहस्थ, पण सारखा फोन. बोला बोला म्हणायचे आणि फोनवरच बोलायचे. हॉलच्या कपाटात काचेमागे जुन्या वाद्यांपैकी उरलेली दोन-तीन होती. त्यात एक क्लॅरिनेट. भाऊजी काचेला नाक लावून उभे राहिले. मग मला खूण केली.

त्या क्लॅरिनेटवर लंबगोल चौकटीत एक पक्षी होता. छोटासा, उभा, दोन बारीक पायांवर. आमच्या क्लॅरिनेटवरून पक्षी गेला होता, पाय राहिले होते.

मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, एवढ्यावर थांबव. दोन रेघा कशाच्याही असतील.

पण भाऊजी थांबणाऱ्यांतले नव्हेत. कपाटाशेजारी टेबलावर स्टीलच्या पट्ट्यांचं एक वाद्य होतं, छोट्या हातोडीनं वाजवायचं. काचेमागच्या क्लॅरिनेटच्याच खेपेत बँडनं घेतलेलं. भाऊजी मला हळूच म्हणाले, "पट्टीला ओठ नसतात वहिनी. तेव्हा जो सूर होता तोच आजही असणार."

त्यांनी क्लॅरिनेट जोडलं. आमच्या क्लॅरिनेटमध्ये तोंडाजवळच्या सांध्यात पितळेचं एक वेढं आहे. सासऱ्यांनी स्वतः कातून बसवलेलं. त्यामुळे सांधा पूर्ण मिटत नाही, नळी तेवढी लांब राहते आणि सूर खाली उतरतो. भाऊजींना लहानपणापासून एकच ताकीद होती, वेढं काढायचं नाही, काढलं तर लाकूड फुगून अडकतं. आणि सूर तरीही वर चढला की सासरे ओरडायचे, "ओठ सैल सोड रे, तुझे ओठच चढे आहेत!" चाळीस-पन्नास वर्षं भाऊजी सगळ्या बँडवाल्यांना हसत हसत सांगत आले होते, माझे ओठ चढे आहेत, जरा सांभाळून घ्या.

त्यांनी वेढं काढलं. सांधा सरकन मिटला. लाकूड अडकलं नाही, काही नाही. डाव्या हातानं हातोडी पट्टीवर मारली आणि लगेच फुंकलं.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण दोन आवाज आहेत की एक, एवढं माणसाला कळतं. एकच होता. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. एकच.

"काय, जुळतंय का?" सेक्रेटरींनी फोनवर हात ठेवून विचारलं. त्यांचं लक्ष नव्हतं. भाऊजी नाही म्हणाले असते तर त्यांनी बरं म्हणून खिळा ठोकायला माणूस बोलावला असता. मी भाऊजींकडे पाहिलं. खोटं सांगू नये असं मी रोज देवापुढे म्हणते, पण त्या क्षणी नाही म्हणा, नाही म्हणा, असंच माझ्या मनात चाललं होतं.

"जुळतंय," भाऊजी म्हणाले. "तुमचंच आहे. भोंगा तेवढा बाहेरचा." आणि क्लॅरिनेट टेबलावर ठेवलं.

सेक्रेटरींनी फोन बंद केला. क्लॅरिनेट उचलून पेटीत ठेवलं. मग म्हणाले, "कमिटीपुढे ठेवतो." थोड्या वेळानं, "फोटो सध्या न्या घरी."

परतताना भाऊजी पुढे, मी मागे. दोनदा रस्ता चुकले, रोजचा रस्ता. मध्येच थांबून म्हणाले, "ओठ चढे नव्हते वहिनी." मी हो म्हटलं.

घरी सासूबाई दाराशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. आधी माझ्या हातातली पिशवी पाहिली, मग भाऊजींचे रिकामे हात.

"पेटी कुठाय?"

"दिली."

"कुणाला?"

"ज्यांची होती त्यांना."

मला वाटलं आता रडतील. त्या भडकल्या. "तुला कुणी विचारलं होतं? तो माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, ते म्हातारे आज आहेत उद्या नाहीत, आणि हा चालला पंचनामा करायला! काय मिळालं तुला?"

"कुणी बनवलं ते कळलं. कधीचं ते कळलं."

"आणि त्यानं भरलं का पोट?"

"नाही," भाऊजी म्हणाले. इकडे गेले, तिकडे गेले, पाण्याचा पेला उचलला, न पिता ठेवला. "आई, तुला माहीत होतं?"

सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दे गं तो फोटो इकडे." चौकटीची काच पदरानं पुसली. मग त्यांच्या पलंगावरची भिंत दाखवली. "इथे लाव रे. चोर असू दे नाहीतर साव असू दे, माझा नवरा आहे. मला कमिटी लागत नाही."

भाऊजींनी हातोडी आणली. पलंगावर चढून खिळा ठोकला, फोटो अडकवला.

"तिरका आहे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी सरळ केला.

"आता दुसरीकडे गेला. डावीकडे घे. एवढा नको."

"आई, सरळ आहे."

"मला दिसतंय. काढ आणि परत लाव."

त्यांनी काढला आणि परत लावला. मी खालून चौकट धरून उभी होते, आणि सासूबाईंचं अजून समाधान झालेलं नव्हतं.