धुळ्याच्या गल्लीत नगररचनेचा तास

जळगावच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मी सिव्हिलच्या मुलांना नगररचना शिकवते. म्हणजे कोणी घेतली तर शिकवते, कारण विषय ऐच्छिक. यंदा पुरेशी नावं आली नाहीत तर तो बंदच, असं विभागप्रमुखांनी सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. फळ्यासमोर उभं राहून हे पटवता येणार नव्हतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना म्हटलं, चला धुळ्याला!

सकाळची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मुलगे एरंडोलपर्यंत कुरकुरत होते. पारोळ्याला गरम भजी मिळाली तेव्हा कुठे गप्प झाले. शेजारी चेतन बसला होता. मुलगा हुशार, पण काँक्रीटपलीकडे त्याला जग नाही.

"मॅडम, खरं सांगू? बीम पडला तर माणूस मरतो. नगररचना चुकली तर काय होतं? ट्रॅफिक!"

"आधी खाली उतर, मग बोलू," मी म्हटलं.

जुनं धुळे बघायला जाणार असाल तर चुकायची भीती नाही. गल्ल्या सरळ, काटकोनात आखलेल्या, आणि त्यांना चक्क नंबर आहेत. जेवणात शेवभाजी घ्याच, फक्त पाण्याचा जग हाताशी ठेवा. आमच्यातले दोघं 'तिखट चालतं' म्हणाले होते, ते नंतर ताकावर ताक मागवत बसले.

दुपारी एक गल्ली निवडून टेप काढला. रुंदी, गटारं, विजेचे खांब, सगळं मोजून झालं. रणरणतं ऊन होतं, गल्लीत चिटपाखरू नाही. चेतनने नकाशावर शेरा मारला, 'रस्त्याचा वापर नगण्य', आणि ओट्यांना लागून दोन्ही बाजूंना पार्किंग आखून मोकळा झाला. ऊन उतरल्यावर परत यायचंय, एवढंच मी सांगितलं.

परत आलो तर गल्ली ओळखू येईना. ओट्यांवर बायका, रस्त्यात खाटा नि खुर्च्या, मधोमध पोरांचं क्रिकेट. चेतनच्या पार्किंगमध्ये खाट टाकून एक अक्का वाळलेले बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, डब्यात भरत होत्या. त्यांनी नकाशा मागून घेतला आणि अहिराणीत विचारलं,

"हाई काय शे?"

"गाड्या लावायची जागा, अक्का," चेतन म्हणाला.

"आन आम्ही कोठे शेतस यामा?"

"तुम्ही कुठे? दुपारी इथे कोणीच नव्हतं."

"दुपारले कोन बसस उनमा?" अक्का खो खो हसल्या आणि गल्लीभर बसलेल्या सगळ्यांकडे हात केला. "संध्याकायले आम्ही बठ्ठा आठेच ऱ्हातस. बस, बिबडा खाई ले."

मुलींनी चेतनची अशी काही फिरकी घेतली की विचारू नका. बसमध्ये त्याने नकाशा उघडला. मग हळूच खोडरबर मागितलं. मी मनातल्या मनात जिंकले.

पण कॉलेजात नोंदणीची यादी लागली, तर नावं कमी पडलेली. विषय बंद झाला. चेतननेही काँक्रीटच घेतलं. मला रडू आलं, लपवत नाही.

मग एक दिवस काँक्रीट शिकवणारे पाटील सर तणतणत स्टाफरूममध्ये आले. "काय करून आणलंस गं पोरांना? कॉलेजच्या नव्या कंपाउंड भिंतीचं डिझाइन करायला दिलं, तर चेतन विचारतो, सर, भिंतीपलीकडे कोण राहतं? म्हटलं, गणितात दिलेलं नाही. तर अख्खा वर्ग म्हणतो, मग बघून येऊ!"

"मग?"

"मग काय! मला तरी कुठे माहितीय कोण राहतं? गुरुवारचा माझा तास तू घे. मी येतो मागून."

वेळापत्रकात नगररचनेचं नाव नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे. पण गुरुवारी काँक्रीटचा सगळा वर्ग भिंतीपलीकडे जाणार आहे, त्यांच्या सरांसकट.