मागच्या डब्याचा बोल्ट

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. आईला माहीत नाही, बायकोला माहीत नाही, खोलीवर सोबत राहिलेल्या पोरांनाही नाही. आता लिहायला बसलोय तरी हात आधी दुसरंच काही लिहायला बघतो — गाडीबद्दल, काकांबद्दल, मी कुठून आलो त्याबद्दल. लिहू दे. सरळ त्या एका वाक्यावर मला जाता येत नाही. येत असतं, तर एव्हाना गेलो नसतो का?

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सोडली. सुटली असं सांगतो लोकांना, पण सोडली मीच. चुलतभावाच्या मागं बोईसरला आलो. आधी तारापूरच्या एका कारखान्यात ड्रम हलवायचं काम, मग गाड्या धुवायच्या सेंटरवर. कुंभवलीत चौघांत एक खोली. कामावर सगळं बोलणं हिंदीत, आणि मी कायम घाबरलेला. आज काढतील, उद्या काढतील. अजूनही कुणी नुसतं ‘जरा इकडं ये’ म्हटलं की मला तेच वाटतं.

सावे काका सेंटरवर भेटले. वीज केंद्रातून रिटायर झालेले, उंच, किरकोळ अंगाचे, बोईसरलाच घर. ते जी मोटरसायकल घेऊन आले तसली मी कधी पाहिली नव्हती. इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले — पंगतीत कोपरं पसरून जेवायला बसलेल्या माणसासारखी. मागच्या चाकाला चेनच नाही. चेनच्या जागी एक लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाला, चाकाजवळ, तेलानं भरलेला गिअरचा डबा. इटलीची गाडी. एका कारखान्यात मशिनी बसवायला आलेल्या तिकडच्या इंजिनिअरनं आणलेली, जाताना तो काकांना देऊन गेला. माझ्या वयाहून जुनी.

माझ्या हातात पाण्याचा जोराचा पाइप होता. मी तो बाजूला ठेवला आणि बादली-फडकं घेतलं. का, ते मला तेव्हा नीट सांगताही आलं नसतं. इतक्या म्हाताऱ्या गाडीवर जोराचं पाणी मारू नये असं वाटलं, इतकंच. काका बघत होते. जाताना म्हणाले, “शनिवारी सुट्टी असते का रे? घरी ये.”

त्या शनिवारपासून माझं आयुष्य बदललं, असं म्हटलं तर खोटं नाही. काका मला ‘परभणी’ म्हणायचे. मी साहेब म्हटलं की रागवायचे, “साहेब केंद्रात ठेवून आलो, काका म्हण.” माझ्या ‘करायलो, जायलो’ची मजा करायचे. पण हातात पाना दिला तो त्यांनी. गाडी गार असतानाच व्हॉल्व्हचं अंतर बघायचं, म्हणून सकाळी सकाळी बोलवायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतलं ऐकायला शिकवलं. जागेवर उभी असताना रेस दिली की ही गाडी उजवीकडं अंग टाकते — पहिल्यांदा मी दचकून मागं सरलो, तर म्हणाले, “घाबरू नको, तिचा स्वभाव आहे. आपण सावरायचं.” मिळत नसलेली केबल बोईसरच्या बाजारातून दुसऱ्याच गाडीची आणून, टोक कापून बसवायची, हे आम्ही दोघांनी मिळून जमवलं. त्या जमवाजमवीतून मी मेकॅनिक झालो. पुढं त्यांच्याच शब्दावर एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. आज घरात जे शिजतं ते त्या शनिवारांमुळं शिजतं.

काकांची एक पद्धत होती. केंद्रातली सवय. ज्यानं काम केलं त्यानं मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून तेच परत म्हणायचं. काका म्हणायचे, “मागचा डबा, खालचा बोल्ट — बंद.” मी वाकून बघायचो, बोट लावायचो, म्हणायचो, “मागचा डबा, खालचा बोल्ट — बंद.” मग पुढचं काम. काकू ओट्यावरून ओरडायच्या, “झाली का आरती? प्रसाद आणू?” आणि एक नियम. दोघांनी ‘बंद’ म्हटलेलं एकट्यानं उघडायचं नाही. काही वाटलं तर हाक मारायची. बस. एवढा एकच नियम होता त्या घरात माझ्यासाठी.

हे मी का सांगायलोय? तुम्हाला कळलं असेल.

एका शनिवारी आम्ही मागच्या डब्याचं तेल बदललं. काकांनी खालचा बोल्ट नवा वॉशर घालून घट्ट केला, म्हणाले ‘बंद’, मी बघितलं, म्हणालो ‘बंद’. मला ते काल झाल्यासारखं आठवतं. त्यांचा आवाजही आठवतो, कारण त्यांना सर्दी झाली होती आणि ‘बंद’ म्हणता म्हणता शिंक आली, आणि आम्ही दोघं हसलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, एडवणला जायचं होतं. तिथं काकांची बहीण राहते, गाव त्यांचं तेच. मला लवकर बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा काका आंघोळीला गेले होते. गाडीखाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर तेलाचा एक थेंब दिसला. कालचा सांडलेला असेल — आता वाटतं, कालचाच होता. पण मला वाटलं बोल्टातून झिरपतंय. आणि मला वाटलं, आपण एकट्यानं हे नीट करावं, काका बाहेर येतील तेव्हा सांगावं, आणि ते म्हणतील, “वा परभणी.” एवढ्यासाठी. या दोन शब्दांसाठी मी पाना घेतला आणि बोल्ट उघडला. वॉशर पुसला. तेल बोटांवरून वाहायला लागलं तसा घाईनं बोल्ट परत लावला आणि हातानं फिरवून बसवला. पाना लावणार, तोच काकूंनी हाक मारली — गॅसचा सिलिंडर आला होता, आत घ्यायचा होता. मी गेलो. आलो तर काका हेल्मेट घालून गाडीजवळ उभे. “चल परभणी, ताईनं पोपटीचं मडकं लावलं असेल, गरम शेंगा आपल्यासाठी थांबायच्या नाहीत.”

इथं माझं विसरणं आलं असं समजू नका. मी विसरलो नव्हतो. बोल्ट नुसता हातानं लावलाय, हे मला लख्ख माहीत होतं. पाना दोन हातांवर पडला होता. ‘काका, एक मिनिट’ म्हणायला किती लागतं? पण मग काकांनी विचारलं असतं — कशाला उघडलास? एकट्यानं? आणि त्या घरात माझ्यावर पहिल्यांदा कुणी नाराज झालं असतं. मी मनात म्हटलं, हातानं का होईना, घट्टच लावलाय. एडवणपर्यंत टिकेल. तिथं गुपचूप पाना लावू. आणि मी मागं बसलो. स्वतःही बसलो — आपल्याही जिवाची पर्वा केली नाही, इतकी मला त्या एका नाराजीची भीती होती.

पालघर सुटलं, पुढचं माहीम गाव सुटलं. केळव्याच्या बाजूला वाड्यांमधून रस्ता वळतो तिथं मला वास आला. त्या तेलाचा उग्र वास, एकदा नाकात बसला की जात नाही. मला कळलं. बोललो असतो, तर अजूनही थांबता आलं असतं. तोंड उघडेपर्यंत मागचं चाक तेलावरून बाजूला गेलं आणि आम्ही दोघं रस्त्यावर.

मला कोपरं खरचटली. काकांचा खांदा आणि मनगट गेलं. वाडीतल्या बायका धावत आल्या. “अगं बाय, म्हातारा पडला गं! डोकं बरं हाय ना? पानी आना कोनीतरी!” काका डांबरावर पडल्या पडल्या मान वळवून डब्याकडं बघत होते. बोल्ट जागेवर नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं ते संशयानं नाही — मला वाटलं होतं तसं बिलकुल नाही. ते आठवायचा प्रयत्न करत होते.

आता ते वाक्य.

पालघरच्या दवाखान्यात, हाताला प्लॅस्टर, बाजूला काकू, पुण्याहून आलेली त्यांची मुलगी मेधाताई. काकांनी मला जवळ बोलावलं. विचारलं, “परभणी, तू होतास शनिवारी. मी त्या बोल्टाला ‘बंद’ म्हटलं होतं का रे? मला वाटतंय म्हटलं होतं. शिंक आली होती, असं पण वाटतंय.”

आणि मी म्हणालो, “नाही काका. तुम्ही म्हणाला नव्हता. शिंक दुसऱ्या बोल्टाच्या वेळी आली.”

शिंक दुसऱ्या बोल्टाच्या वेळी आली. हे मला कुणी सुचवलं? नुसतं ‘नाही’ म्हणून थांबता आलं असतं. ‘आठवत नाही’ म्हणता आलं असतं. मी त्यांच्या डोक्यातली एक खरी आठवण उचलली आणि दुसरीकडं नेऊन ठेवली, आणि त्यांनी ती ठेवू दिली. डोळे मिटले. मग प्लॅस्टर नसलेला हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाले, “तुझा जीव गेला असता रे पोरा, माझ्यापायी.” मेधाताईंनी माझ्याकडं बघून मान खाली घातली, जणू त्यांच्याच घराकडून माझ्या बाबतीत काही चुकलंय.

खांदा भरून आला. काका भरून आले नाहीत. फाटकापर्यंत गेले की परत फिरून गॅस बघायचे. नळ बघायचे. मग बघून आलो का, म्हणून काकूंना विचारायचे. केंद्रातले किस्से सांगता सांगता मधेच थांबायचे — “असं झालं होतं की मी रचतोय?” — आणि मग किस्से सांगायचेच बंद झाले. सही करताना थांबायचे. डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे सगळं. काका घरी येऊन म्हणाले, “चांगला माणूस आहे. मन राखलं माझं.” जो माणूस आयुष्यभर एक झडप बंद केली की मोठ्यानं ‘बंद’ म्हणून पुढं गेला, तो आता दाराची कडी लावून तिथंच उभा राहायचा, हात कडीवर ठेवून.

मी दर शनिवारी जात होतो. दर शनिवारी. काकू म्हणायच्या, “येत जा रे, तुझ्यावर त्यांचा भरवसा हाय.” मी काय करायला जात होतो? सांगायला? का बघायला, की आपण केलेलं अजून उभं आहे?

मग मेधाताई त्यांना पुण्याला घेऊन गेल्या. घर बंद झालं. गाडी विकायची बोलणी निघाली तेव्हा काका म्हणाले, “विकायची नाही. परभणीला द्या. त्याच्या लक्षात राहतं.” कागदही रीतसर माझ्या नावावर करून दिले. गाडी कुंभवलीत माझ्या दारात उभी आहे. मी तिचं सगळं करतो, तेल, केबल, व्हॉल्व्ह. लोक फोटो काढतात. चालवायला मात्र माझा पाय वळत नाही, नुसती सुरू करतो आणि बंद करतो.

गेल्या वर्षी पुण्याला गेलो. ठरवून. एसटीत सगळी वाक्यं म्हणून बघितली. बाल्कनीत काका बसले होते, बारीक झालेले, पण मला बघून खूश. गाडीचं विचारलं. मी सांगितलं. सकाळभर त्यांच्याजवळ बसलो, आणि केबलचं, तेलाचंच सांगत राहिलो. दुपारी मेधाताईंनी एक गोळी आणून त्यांच्यापुढं ठेवली आणि त्या आत गेल्या. काकांनी गोळी हातात घेतली. बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

“आत्ता घेतली का रे मी एक?”

“नाही काका. ही पहिलीच.”

त्यांनी लगेच तोंडात टाकली आणि पाणी प्यायले. एकदाही विचार केला नाही. आतून काकूंनी विचारलं, “अहो, गोळी घेतली का?”

“घेतली गं,” काका म्हणाले, “परभणीला विचारून घेतली.” आणि निवांत होऊन खुर्चीत मागं टेकले — कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं टेकलेलं बघितलं.

मी चहा प्यायलो. पाया पडलो. दुपारच्या एसटीनं परत आलो.

काका आहेत. फोन केला की स्वतः उचलतात. मी सांगितलेलं नाही.