बाबांच्या नावावरची भुतं

माझं लग्न एका मेलेल्या राजपुत्रामुळे मोडता मोडता राहिलं. हे मी नातवंडांना सांगते तेव्हा ती एकमेकांकडे बघतात, आजीचं आता वय झालं अशा अर्थानं. वय झालंच आहे. पण राजपुत्र होता, तीनशे पानांचा होता, आणि तो माझ्या बाबांच्या नावावर घरात आला होता.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. आम्ही परकोटाच्या आत, जटपुरा गेटजवळ राहायचो. बाबा कोर्टात नाझर होते. जप्त्या, लिलाव, समन्स हा त्यांचा रोजचा कारभार, आणि घरीही ते साधारण त्याच भाषेत बोलत. आई मी तीन वर्षांची असताना गेली. मला वाढवलं आत्यानं. आत्या बाबांहून मोठी. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि दहाव्या वर्षी नवरा तापानं गेला, तो जेमतेम पंधराचा. सासरी नांदायला जायची वेळच आली नाही. तेव्हापासून ती भावाच्या घरी होती, बिनकुंकवाच्या कपाळानं, आणि तिला कोणी कधी काही विचारलं असेल तर ते 'भाजी कोणती करायची' एवढंच.

बाबा वाचनालयाचे सभासद होते. एका वेळी दोन पुस्तकं मिळत, आणि ती बदलून आणायचं काम माझं. एक पुस्तक मी बाबांसाठी आणायची, थोर पुरुषाचं चरित्र. दुसरं आणायची भुताचं. ग्रंथपाल म्हातारे आणि सज्जन होते. एकदा त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "नाझरसाहेबांना हेही लागतं?" मी म्हटलं, "त्यांना झोप येत नाही, म्हणून वाचतात." कोर्टातल्या माणसाला झोप येत नसणार हे त्यांना एकदम पटलं. पुढं तर ते बाबांसाठी चांगली चांगली भुतं बाजूला काढून ठेवू लागले.

या कादंबऱ्यांना आम्ही भुताच्या म्हणायचो खरं, पण भूत हा नुसता बहाणा. खरं काम प्रेमाचं. जिवंत माणसानं परक्या मुलीचा हात धरला की ती कादंबरी चावट ठरायची आणि घरात यायची नाही. तोच हात मेलेल्या माणसानं धरला की कादंबरी अद्भुत. मेलेल्या नायकाला सगळं माफ असे. तो भिंतीतून येई, नायिकेच्या उशाशी बसे, तिच्या केसांतून हात फिरवी, आणि तरी कोणी काही म्हणत नसे. मी सतराव्या वर्षापासून या नायकांवर वाढले. त्यांच्यापुढं चांद्यातले जिवंत तरुण फारच तेलकट वाटायचे.

दुपारी बाबा कोर्टात गेले की आत्या सूप घेऊन बसायची आणि मी पुस्तक घेऊन. पुस्तक असायचं पोथीच्या लाल फडक्यात. शेजारची कोणी डोकावली की मी आवाज लांबवून ओवीच्या चालीवर वाचू लागायची, आणि ती बाई हात जोडून पुढं जायची. आमच्या भक्तीची आळीत बरीच ख्याती होती.

आत्याला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलं की ते तिच्या डोक्यातून जात नसे. आणि ती नुसती ऐकत नव्हती, उलटतपासणी घ्यायची. "एवढी मोठी हवेली म्हंते, अन् त्यात एकटी हडळ. मंग झाडझूड कोन करते?" किंवा, "हा वेताळ रोज येऊन राह्यला, तं कुत्रे काऊन नाई भुकत?" लेखकाला याची उत्तरं देता आली नसती.

एका कादंबरीला मात्र तिनं कधी असं काही विचारलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी राजपुत्र मरतो आणि मग रोज अरण्यातून चालत आपल्या वाग्दत्त वधूच्या उंबरठ्याशी येतो, अशी ती गोष्ट. त्यातली काही प्रकरणं आत्यानं मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली. पुढं जायची तिला घाईच नव्हती. मी शेवट पहिल्याच दिवशी उघडून पाहिला होता, ही माझी खोड. पण तिनं विचारला नाही आणि मी सांगितला नाही. पुस्तक तीनदा परत करून तीनदा आणलं, तेव्हा कुठं आम्ही अर्ध्यावर पोचलो होतो.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. मुलगा शाळामास्तर. मामांनी स्थळ आणलं होतं. त्याचं मास्तरकीचं शिक्षण चांद्यातच झालेलं, आणि नेमणूक गडचिरोलीच्याही पलीकडे, जंगलातल्या एका गावात. वैनगंगा डोंग्यानं ओलांडायची, मग बैलगाडी, मग पायी. साखरपुडा झाला आणि मुलानं पत्र लिहायची परवानगी मागितली. बाबांनी ती दिली, अट एवढीच की पत्र माझ्या नावानं येईल आणि फोडतील बाबा.

पहिलं पत्र सगळ्यांना आवडलं. सर्व क्षेमकुशल, शाळेत मुलं अठरा, पाऊस बरा. दुसरं पत्र बाबांनी ओसरीवर मामांना वाचून दाखवलं. जप्तीची नोटीस ज्या आवाजात वाचत त्याच आवाजात. "लोक मला जिवंत समजतात, पण ते खरे नाही. माझा देह या अरण्यात केव्हाच पडला आहे. दिवस मावळला की मी झाडाझाडांतून तुझ्याकडे निघतो. तुझे हिरवे डोळे मला वाट दाखवतात."

माझे डोळे काळे आहेत. स्वयंपाकघरात मी आणि आत्या एकमेकींकडे पाहत उभ्या राहिलो. दोघींनीही वाक्य ओळखलं होतं.

मामा म्हणाले, "भाऊजी, ते गाव लय आत हाये. तिथली हवा लागली असन पोराले."

बाबा म्हणाले, "हवेनं मलेरिया होते. देह पडत नाई."

झालं. मुलाला जंगलातली बाधा झाली, यावर दोन शहाण्या माणसांचं एकमत व्हायला पानसुपारीएवढाही वेळ लागला नाही. चांद्याच्या लोकांना आतल्या जंगलाबद्दल काहीही सांगा, पटतं. बाबांनी रीतसर चौकशीसाठी मामांना तिकडे धाडलं.

मामा आठ दिवसांनी परत आले, टाचा सोलून. मास्तर मुलांना पाढे शिकवत होता, दोन्ही वेळा जेवत होता. मामांनी पत्राबद्दल विचारलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला आणि खाली बघत बसला. हे लक्षण मामांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी गावच्या भूमकाला, म्हणजे तिथल्या गोंडांच्या पुजाऱ्याला, विचारलं. तो म्हातारा मोहाच्या झाडाखाली दोरी वळत होता. तो म्हणाला, "इथली भुतं आमच्या वळखीची हायेत. मास्तरले कोनाचा बी हात लागला नाई. अन् झाडाझाडातून तो कायले जाते? दिवस बुडला का आतून कडी लावते. त्याले वाघाचं भेव हाये."

त्या सगळ्या प्रकरणात डोकं ठिकाणावर असलेला तो एकच माणूस. पण बाबांनी विचारलं, "हे लेखी हाये का?" लेखी नव्हतं. साक्ष बाद झाली. लग्न मोडायचं ठरलं.

मी काय केलं? काही नाही. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण बाबांच्या नावावर चोरून आणलेली पुस्तकं, पोथीचं फडकं, सगळंच बाहेर आलं असतं. मला बाबांची भीती होती. शिवाय, खरं सांगायचं तर, राग होता. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी प्रेमपत्र लिहिलं आणि तेही मी तीनदा वाचलेलं निघालं. हिरवे डोळे तरी बदलायचे होते मेल्यानं.

आणि आत्याही गप्प होती. मी लग्न होऊन गेले की तिला वाचून दाखवणारं कोणी उरणार नव्हतं. ती म्हणूनच बोलत नाही, असं माझ्या मनानं घेतलं. चार-पाच दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. स्वतः घाबरट असून दुसऱ्याला स्वार्थी ठरवणं किती सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आज त्याची लाज वाटते.

नकाराचं पत्र बाबा लिहायला बसणार, त्याच दिवशी मुलाचं तिसरं पत्र आलं. बाबांनी ते मामांना पुरावा म्हणून वाचून दाखवायला घेतलं. आत्या ओसरीच्या कडेला तांदूळ निवडत बसली होती. मी दाराआड.

"सात जन्म मी या उंबरठ्याशी उभा आहे," बाबा वाचत होते. "तू विचारशील, मग आत का येत नाही?" इथं पान संपलं. बाबा कागद उलटू लागले.

आत्या सुपातली मान वर न करता बोलू लागली. आवाज तिचाच, पण भाषा छापील. "मी आत येत नाही, कारण माझ्या नावाचे कुंकू तुझ्या कपाळी लागलेले नाही. ते तू लाव. मग मला कोणी अडवणार नाही."

बाबांनी कागद उलटला. ओळ न् ओळ तीच होती. मामा पाट सोडून उठले आणि भिंतीला टेकले. "भाऊजी, बाईले बी लागलं."

"मले काई लागलं नाई," आत्या म्हणाली. "ते पुस्तकातलं हाये. पोरगा चांगला हाये, भाऊ. त्याले लिहिता येत नाई, म्हनून पुस्तकातून घेते."

"कोनतं पुस्तक? कोनी वाचलं?"

"म्याच."

"बाई, तुले अ येत नाई."

आत्या पुन्हा तांदूळ निवडू लागली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि बोलायचं तर इतकं कच्चं. मी दाराआडून बाहेर आले आणि म्हटलं, "मी वाचलं, बाबा. मीच आणायची." त्या दिवशीची माझी बहादुरी एवढीच, आणि तीही दुसरीनं आधी उडी घेतल्यावरची.

बाबा ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र खिशात घालून ते वाचनालयात गेले. पुरावा पाहिल्याशिवाय ते काही मानत नसत. ग्रंथपालांनी मोठ्या आदरानं वही उघडली. भूत, हडळ, वेताळ, शापित महाल, सगळे एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढं बाबांचं नाव. वर ग्रंथपालांनी मायेनं विचारलं, "साहेब, आता झोप लागते का?" हे आम्हाला पुढं मामांकडून कळलं. बाबांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

साखरपुड्याच्या गडबडीत परत गेलेलं ते पुस्तक घेऊन बाबा घरी आले. दुपारभर एका हातात पत्र आणि एका हातात कादंबरी धरून ताडून पाहत बसले. संध्याकाळी चष्मा काढून म्हणाले, "अस्सलबरहुकूम नक्कल हाये. एक काना इकडचा तिकडं नाई. हा मानूस कोर्टात पाहिजे होता." लग्न पक्कं झालं. चांद्यात शिकताना मुलानं त्याच कादंबरीतले उतारे वहीत उतरवून घेतले होते, हे मला लग्नानंतर कळलं. त्यांचा अंदाज खोटा नव्हता. माझ्या नवऱ्यानं पुढं चाळीस वर्षांत प्रेमाचा एक शब्द स्वतःचा काढला नाही, पण अक्षर शेवटपर्यंत मोत्यासारखं होतं, आणि माणूस मायाळू होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पुस्तक परत केलं आणि वाचनालयातून आपलं नाव काढून घेतलं. आत्याला ते एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. लाल फडक्यात आता खरोखर पोथी आली. मी ती वाचायची, आत्या ऐकायची आणि मध्ये काही विचारायची नाही.

लग्नाला आठ दिवस उरले असताना आम्ही दोघी दुपारी लग्नाचे तांदूळ निवडत होतो. आत्या म्हणाली, "पोरी, पुस्तक तं गेलं. शेवट तुले माहीत हाये ना?"

"आहे."

"मंग सांग ना."

त्या लेखकाची शेवटी हिंमत खचली होती. तीनशे पानं मेलेल्या माणसाला पायपीट करायला लावून त्यानं शेवटच्या प्रकरणात एक मांत्रिक आणला, राजपुत्राची राख केली, आणि नायिकेचं दिवाणाच्या मुलाशी लग्न लावून दिलं. शेवटच्या ओळीत ती राजपुत्राला विसरूनही गेली होती. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक भिंतीवर फेकलं होतं.

"ती कुंकू लावते," मी म्हटलं. "आणि तो येतो."

"लवकर येते, का लय वर्सानं?"

हे मी ठरवलं नव्हतं. "बऱ्याच वर्षांनी," मी म्हटलं.

आत्याचा हात सुपात थांबला. "मंग ती तं म्हातारी झाली असन. अन् तो तसाच, पंधरा वर्साचा." पुस्तकातला राजपुत्र पंचवीस वर्षांचा होता. मग तिनं विचारलं, "ओळखलं का त्यानं तिले?"

"ओळखलं," मी म्हटलं. "पाहिल्याबरोबर."

"मंग ठीक हाये," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

मी तिच्या मांडीवर डोकं टाकलं आणि हमसून हमसून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, सासरी जाताना सगळ्याच पोरी रडतात.